आयर्न-ऑन टी-शर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि काही न विचारताच दिलेली उत्तरं)

ओहायोतल्या आमच्या घराच्या तळघरात बुटांचे सात खोके आहेत आणि एकातही बूट नाहीत. आहेत ते पिवळट पडलेले कागद. त्यांवर उलटी छापलेली चित्रं: व्हॅन, गरुड, रोलर स्केट, जीभ बाहेर काढलेले रॉकवाले. सत्तरच्या दशकात अमेरिकेतली पोरं जी चित्रं टी-शर्टवर गरम दाबून लावून घ्यायची, त्यांतली ही लावायची राहून गेलेली. गणपतीला घरी येणारी मंडळी प्रसाद घेऊन तळघरात डोकावतात आणि दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. सांगलीहून फोनवरही तेच. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आयर्न-ऑन म्हणजे नेमकं काय?

चित्र आधी कागदावर छापायचं. तो कागद टी-शर्टवर पालथा घालून वरून गरम दाब द्यायचा. कागद सोलून काढला की चित्र कापडावर. या कागदाला इथे ट्रान्स्फर म्हणतात. कागद साधा नसतो. शाई धरून ठेवेल, पण वेळ आली की सोडून देईल, असा लेप त्यावर असतो.

खरी गंमत शाईत आहे. ही शाई म्हणजे प्लास्टिसॉल, पीव्हीसीची बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवलेली. ती हवेवर वाळत नाही. डबा उघडा ठेवून गावाला जाऊन आलात तरी ओलीच. तिला उष्णताच लागते, आणि साधारण १६० अंश सेल्सिअसला ती पुरती पक्की होते. ट्रान्स्फर छापणारा तिला मुद्दाम अर्धवट भाजतो, हाताला कोरडी लागेल इतपतच. उरलेलं भाजणं टी-शर्टवर होतं. फुलका कसा, अर्धा तव्यावर आणि अर्धा विस्तवावर!

छापण्याचा क्रमही उलटा. कापडावर थेट छापताना आधी पांढरा थर, मग रंग, शेवटी काळी रेषा. ट्रान्स्फरवर आधी काळी रेषा, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी पाठीला पांढरं अस्तर. म्हणून जुना कागद हातात घेतला तर वर बहुतेक पांढराच दिसतो. उजेडासमोर धरला की आतलं चित्र कळतं.

मग स्क्रीन प्रिंट वेगळं का?

शाई तीच, पद्धतही बरीचशी तीच. फरक एवढाच की स्क्रीन प्रिंटमध्ये चित्र सरळ कापडावर छापतात. दुकानदाराला मात्र हा फरक फार मोठा. पन्नास चित्रं, पाच मापं आणि सहा रंग ठेवायचे तर छापील टी-शर्टांचे दीड हजार प्रकार भरावे लागतात. ट्रान्स्फर असले की कोरे टी-शर्ट एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईक बोलेल तेव्हा जोडून द्यायचे. सगळा धंदा या हिशेबावर उभा होता.

ती दुकानं होती तरी कशी?

मी अमेरिकेत आले १९९६ साली, तोवर ती जवळजवळ संपली होती. पण आमच्या शेजारच्या बाई १९७७ साली, कॉलेजात असताना, एका मॉलमधल्या अशा दुकानात संध्याकाळी काम करायच्या. त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे उभी होते असं वाटायला लागलंय.

भिंतभर चित्रं, जमिनीपासून छतापर्यंत, प्रत्येकाखाली नंबर. पोरं मान वर करून अर्धा अर्धा तास उभी. नंबर ठरला की गल्ल्यावर येऊन सांगायचा, टी-शर्टचा रंग निवडायचा. बाही आणि गळ्याची पट्टी वेगळ्या रंगाची असलेला टी-शर्ट त्या वेळी फार चालायचा. बाई मागच्या कप्प्यातून कागद काढणार, टी-शर्ट यंत्राच्या पाटावर ताणून बसवणार, चित्र गळ्यापासून चार बोटं खाली धरणार. मग यंत्राचं जड झाकण शिंपल्यासारखं खाली. दहा-पंधरा सेकंद. घंटी वाजली की झाकण वर, आणि कागद एका दमात सोलायचा. हळू सोलला तर चित्रावर लाट उमटते. टी-शर्ट गरम असतानाच गिऱ्हाइकाच्या हातात, आणि पोरं तो तिथेच अंगात घालायची. बाईंच्या उजव्या मनगटाच्या वर बोटभर लांबीचा फिकट डाग आहे, त्या झाकणाची आठवण.

त्या म्हणतात, लोकांना टी-शर्टपेक्षा दुकान जास्त आठवतं. मला पटतं. चित्र तुम्ही निवडलेलं, रंग तुम्ही निवडलेला, आणि वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर तयार झालेली. आता माऊसच्या एका टिचकीने टी-शर्ट घरी येतो, पण त्या वासाची सर येत नाही. (वास जळक्या रबराचा. छान नव्हताच.)

ती गुबगुबीत अक्षरं कोणती?

कूपर ब्लॅक. पाठीवर नाव किंवा छातीवर काहीतरी आचरट वाक्य लावायचं, तर हीच अक्षरं, बहुतेकदा मखमलीसारखी लव असलेली. एकेक अक्षर सुटं मिळायचं आणि पैसे अक्षरामागे. म्हणजे लांब आडनाववाल्याची पंचाईत! सबनीस परवडले, कोल्हटकर नाही.

सत्तरच्या दशकाची म्हणून ओळखली जाणारी ही अक्षरं मुळात १९२२ सालची. शिकागोच्या ऑझ्वल्ड कूपर यांनी काढलेली. कडा आधीच गोल असल्यामुळे थोडी इकडेतिकडे सरकली किंवा कोपऱ्यात उखडली तरी ती वाईट दिसत नाहीत. माझा अंदाज, म्हणूनच ती टिकली.

हे सुरू कधी झालं?

इस्त्रीने नक्षी उमटवणं फार जुनं. एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडमध्ये भरतकामासाठी असे कागद विकले जात. कागद पालथा ठेवून गरम इस्त्री फिरवली की कापडावर रेघा उमटायच्या. टी-शर्ट मात्र तेव्हा नव्हताच. अमेरिकी नौदलाने १९१३ च्या सुमारास तो आतून घालायचा कपडा म्हणून दिला, आणि पन्नासच्या दशकात सिनेमातल्या नटांनी तो बाहेरून घालायचा केला. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात मोटारी सजवणारा एड रॉथ मोटारींच्या जत्रांमध्ये एअरब्रशने (हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या पेनाने) टी-शर्टवर राक्षसी उंदीर काढून द्यायचा आणि पोरं रांगा लावायची. चित्र असलेला टी-शर्ट मागणारं गिऱ्हाईक तयार होतं. प्लास्टिसॉल आणि गरम दाबाचं यंत्र आल्यावर ते चित्र काढायला चित्रकाराची गरज उरली नाही.

कोणती चित्रं सगळ्यात जास्त चालली?

लोकांना वाटतं सिनेमे आणि गाणी. ती होतीच. पण माझ्या खोक्यांत निम्म्याहून जास्त कागद कुणाचेच नाहीत. सूर्यास्तात उभी व्हॅन, घोडे, मासेमारीचे विनोद, बिअरचे विनोद, १९७६ साली देशाला दोनशे वर्षं झाली म्हणून काढलेले गरुड आणि झेंडे. ट्रकवाले ज्यावर एकमेकांशी बोलायचे त्या सीबी रेडिओचं वेड त्याच सुमाराचं, त्याच्या सांकेतिक बोलीचे टी-शर्टही ढिगाने.

हसरा पिवळा चेहरा तर सगळीकडेच. तो १९६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या हार्वी बॉल यांनी एका विमा कंपनीसाठी काढला, मेहनताना ४५ डॉलर. त्यांनी त्यावर हक्क नोंदवलाच नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या दोन भावांनी खाली ‘तुमचा दिवस छान जावो’ अशी ओळ घालून तो लाखांनी विकला.

नावाजलेल्या चेहऱ्यांत अर्थात नटी फॅरा फॉसेट. लाल पोहण्याच्या पोशाखातलं तिचं पोस्टर १९७६ मध्ये आलं आणि कोटीच्या वर खपलं. पोस्टर खोलीत लावायचं आणि तिचं चित्र छातीवर मिरवायचं, असा दुहेरी खप. १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ लागला आणि त्याची खेळणी तयार होईपर्यंत वर्ष उलटलं. त्या नाताळात खेळण्यांच्या कंपनीने अक्षरशः रिकामा खोका विकला, आत कूपन: बाहुल्या नंतर पाठवू. टी-शर्टची चित्रं मात्र दुकानात होती. कागद छापायला कितीसा वेळ लागतो!

आणि फॉन्झी. ‘हॅपी डेज’ या मालिकेतला चामड्याच्या जॅकेटमधला मोटारसायकलवाला, दोन्ही अंगठे वर. हेन्री विंकलरने साकारलेला. मालिका १९७४ ला सुरू झाली, पण त्यातलं जग पन्नासच्या दशकातलं. म्हणजे आपण ज्या टी-शर्टांसाठी आज हळहळतो, ते घालणारी मंडळी स्वतः वीस वर्षांपूर्वीच्या काळासाठी हळहळत होती. हे लक्षात आल्यापासून ‘आमच्या वेळी’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

तुम्हाला हे वेड कुठून लागलं?

त्या अंगठ्यांमुळेच. माझे मामा अमेरिकेत शिकायला गेलेले. १९७८ च्या दिवाळीला त्यांनी ओळखीच्या माणसाबरोबर दादासाठी टी-शर्ट पाठवला. पिवळा, बाह्या निळ्या, छातीवर फॉन्झी. सांगलीत फॉन्झी कोणाला माहीत असणार? दूरदर्शनसुद्धा आमच्या गल्लीत पोचलं नव्हतं. शाळेत पोरांनी विचारलं, “हा तुझा मामा का?” दादा म्हणाला, “हो.” आणि मामांची कॉलर एकदम ताठ झाली. पुढे मामा सुट्टीला आले, टक्कल, जाड चष्मा, हाफ स्वेटर, तेव्हा गल्लीची घोर निराशा झाली.

टी-शर्ट धुतल्यावर आईने तो इतर कपड्यांसारखाच इस्त्रीला घेतला. कोळशाची पितळी इस्त्री, ठिणगी उडेल इतकी तापलेली, आणि ती सरळ चित्रावर. चर्र असा आवाज आला. इस्त्री उचलली तर फॉन्झीचा डावा अंगठा इस्त्रीला. आई घाबरली, पण पुढचा कपडा हातात होताच. तो बाबांचा ऑफिसचा पांढरा शर्ट. अंगठा त्याच्या खिशावर उमटला.

तो शर्ट बाबांनी घरात घालायला काढला. दादाचा एका अंगठ्याचा फॉन्झी पुढे माझ्याकडे आला, माझ्यानंतर स्कूटर पुसायला गेला. आपल्याकडे टी-शर्टचा शेवट ठरलेला: आधी बाहेर, मग घरात, मग रंगपंचमीला, मग फडकं.

भारतात असं काही नव्हतंच का?

अगदी हेच नाही, पण जवळचं होतं. भरतकाम करणाऱ्या बायका बटर पेपरवर नक्षी काढून रेघेवर सुईने बारीक टोचे मारायच्या. कागद उशीच्या अभ्र्यावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांचा मोर. मावशीचे असे कागद गल्लीतल्या दहा घरांत फिरून यायचे आणि येताना निळे होऊन यायचे. यात इस्त्री नाही, पण चित्र एकदा कागदावर आणि मग हव्या त्या कापडावर, ही युक्ती तीच.

शब्दांचीही गंमत बघा. अमेरिकेत टी-शर्ट आतला कपडा म्हणून आला आणि बाहेरचा झाला. आपल्याकडे गर्न्सी बेटावरच्या खलाशांचा अंगरखा गंजीफ्रॉक होऊन आला आणि बाहेरचा होता तो आत गेला.

पुढे बाजारात अशा चित्राला ‘रबर प्रिंट’ म्हणायला लागले, आणि तो शब्द प्लास्टिसॉलपेक्षा सोपा आहे. हाताला लागतं ते रबरच.

ट्रान्स्फर छापत कोण होतं?

लहानमोठे बरेच. माझ्याकडे सर्वाधिक कागद रोच या कंपनीचे आहेत. कारण सरळ आहे, ती कोलंबसची, म्हणजे आमच्याच राज्यातली. इथल्या जुन्या बाजारात तिचे कागद अजून हाताला लागतात. त्यांच्या चित्रांत व्यंगचित्राचा थाट असतो. जाड रेषा, भडक सावल्या, आणि विनोद असा की मुलांसमोर अर्थ सांगता येऊ नये.

दुसरं मोठं नाव डेलावेअरमधली फॅक्टर्स. फॅराचे ट्रान्स्फर त्यांचे, स्टार वॉर्सचे त्यांचे, आणि गायक एल्विस प्रेस्लीचेही. एल्विसची हकीकत जरा लांबण लावून सांगते, कारण मेलेल्या माणसाचा चेहरा कोणाचा, हा प्रश्न या टी-शर्ट-पोस्टरवाल्यांनी कोर्टात नेला.

एल्विस वारला १६ ऑगस्ट १९७७ ला. दोनच दिवसांनी, १८ तारखेला, फॅक्टर्सने त्याचं नाव आणि चेहरा वापरायचे हक्क घेतले. १९ तारखेला ओहायोतल्याच प्रो आर्ट्सने, म्हणजे फॅराचं पोस्टर काढणाऱ्यांनी, श्रद्धांजलीचं पोस्टर बाजारात आणलं. लोक अजून रडत होते आणि हे दोघे कोर्टात. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने १९७८ मध्ये फॅक्टर्सच्या बाजूने कौल दिला: चेहऱ्याचा हक्क माणसाबरोबर मरत नाही. मग टेनेसी राज्यात, एल्विसच्या मेम्फिस गावी, त्याचे छोटे पुतळे विकण्यावरून दुसरा खटला झाला आणि १९८० मध्ये त्या भागाच्या अपील कोर्टाने नेमकं उलटं सांगितलं: मरतो. त्यापुढे मान तुकवून न्यूयॉर्कवाल्यांनी १९८१ मध्ये आपला निकाल फिरवला. शेवटी १९८४ मध्ये टेनेसी राज्याने कायदाच केला की हा हक्क वारसांना मिळेल. आज कुठल्याही दिवंगत नटाचा टी-शर्ट छापायला परवानगी लागते की नाही, या वादात हे निकाल निघतातच.

माझ्याकडचा ट्रान्स्फर जुना आहे की नवी नक्कल, कसं ओळखू?

आधी कागद पाहा. जुना कागद कडेने जास्त आणि मध्ये कमी पिवळा पडतो. सगळीकडून सारखा पिवळा असेल तर चहात बुडवला असण्याची शक्यता धरा. हसू नका, लोक बुडवतात.

मग खालच्या कडेला बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि साल असतं. ते साल चित्राच्या हक्काचं, छापण्याचं नव्हे. १९७६ लिहिलेला कागद १९७९ मध्येही छापलेला असू शकतो. साल नसलं म्हणून कागद खोटा ठरत नाही, चोरून छापणारे तेव्हाही होते.

टी-शर्टवर लागलेलं चित्र तपासायचं तर भिंग घ्या. जुन्या चित्रात रंगांचे सपाट थर दिसतात, एकावर एक, कधी कडेला रंग किंचित सरकलेला. फोटोसारखं चित्र ऑफसेटवर, म्हणजे मासिकं छापतात तशा यंत्रावर, छापलेलं असेल तर नेटके, ओळीत बसलेले ठिपके दिसतील. हल्लीच्या डीटीएफमध्ये (कागदाऐवजी प्लास्टिकच्या फिल्मवरून चित्र उतरवतात ती पद्धत) विस्कटलेले बारीक तुषार असतात, आणि कडेने पारदर्शक पापुद्र्याची चमक.

हे सगळं मी फसल्यावर शिकले. ‘अस्सल १९७७’ म्हणून ऑनलाइन घेतलेला टी-शर्ट आला, चित्रावर भेगासुद्धा सुंदर. दोन दिवस जमिनीवर पाऊल नव्हतं. तिसऱ्या दिवशी भिंग लावलं. भेगा छापलेल्या होत्या. बोट फिरवलं तर चित्र काचेसारखं गुळगुळीत. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. टी-शर्ट अजून आहे, बागकामाला घालते.

टी-शर्टच्या लेबलवरून साल कळतं का?

नेमकं साल नाही, पण ‘याच्या आधीचा नाही’ एवढं कळतं. कसा धुवायचा याची सूचना शिवलेली असेल तर बहुधा १९७२ नंतरचा, कारण तो नियम त्या वर्षी लागू झाला. लेबलवर आरएन आणि पुढे आकडा असतो, तो कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक. फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनी कळते, साल नाही. बरेच विक्रेते हा आकडा साल असल्यासारखा ठोकून देतात.

बाहीची आणि खालची दुमड उलटून पाहा. टाक्यांची एकच ओळ असेल तर बहुधा नव्वदच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा, दोन समांतर ओळी असतील तर नंतरचा. अपवाद दोन्हीकडे आहेत. शिवाय जुन्या टी-शर्टवर नवं चित्र लावता येतं, हे विसरू नका. लेबल कापडाबद्दल बोलतं, चित्राबद्दल नाही.

जुना ट्रान्स्फर मी घरी इस्त्रीने लावू शकते का?

लावता येतो. टिकेलच असं नाही.

त्या शाईतला तेलकट द्रव वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो आणि शाई ठिसूळ होते. आधी कागदाचा कोपरा हलका वाकवून पाहा. शाईला तडा गेला किंवा नखाला पूड लागली, तर नाद सोडा आणि फ्रेम करा. लवचीक असेल तर पुढे.

इस्त्रीच्या मेजावर नाही, लाकडी पाटावर करा. मेजाची गादी दाब खाऊन टाकते. इस्त्रीतलं पाणी काढा, वाफ बंद. सुती कपड्याची खूण लावा. टी-शर्ट आधी कोराच दाबून घ्या, त्यातली ओल जाऊ द्या. मग कागद पालथा, वर साधा पांढरा कागद, आणि इस्त्री फिरवायची नाही, दाबायची. अंगाचा भार टाकून एकेक जागा पंधरा सेकंद. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात तिथे उष्णता पोचत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीला जागा थोडी बदला.

कागद गरम सोलायचा की गार, हा खरा पेच. काही ट्रान्स्फर गरम असतानाच सोलायचे असतात. तेव्हा थोडी शाई कागदावर राहते आणि चित्र मऊ लागतं. काही पूर्ण गार करून सोलायचे, मग सगळी शाई कापडावर येते आणि चित्र जाड, चकचकीत बसतं. कागदावर सूचना नसेल तर एक कोपरा उचलून अंदाज घ्या.

माझ्याकडे व्हॅन आणि सूर्यास्त असलेल्या एकाच चित्राचे तीन कागद होते. पहिला स्वयंपाकघरात, पोळपाट उलटा घालून लावला. व्हॅन आली, सूर्य कागदावरच राहिला. दुसरा ओळखीतल्या एका छापखान्यात प्रेसवर लावला, १८० अंशाच्या आसपास, बारा सेकंद. अख्खा उतरला. तो मुलगा कॉलेजला घेऊन गेला आणि तिथे कोणीतरी ड्रायरमध्ये टाकला. तिसरा खोक्यात आहे.

भेगा पडतात त्या थांबवता येतात?

नाही. लांबवता येतात.

धुवायचा कसा?

उलटा करून, गार पाण्यात, हाताने. ड्रायर नको, दोरीवर सावलीत. इस्त्री करायचीच तर आतल्या बाजूने. आमच्या आईकडून एवढं तरी शिका.

हे सगळं बंद का पडलं?

एका दिवसात नाही पडलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पॅकमॅन आणि इतर व्हिडिओ गेमच्या चित्रांनी शेवटची मोठी लाट आणली. त्याच सुमाराला तयार छापील टी-शर्ट स्वस्त झाले, आणि छातीवर विनोद असण्यापेक्षा कंपनीचं नाव असणं भारी वाटायला लागलं. माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. पाच धुण्यांत भेगाळलेला टी-शर्ट घालणारं पोर मोठं झालं आणि त्याला ते स्वस्तातलं वाटू लागलं. आज त्याच भेगांचे पैसे जास्त मिळतात, तो भाग निराळा.

जुनं चित्र स्कॅन करून पुण्यात नवा टी-शर्ट छापून घेता येईल?

यंत्राचा प्रश्न नाही. मगवर फोटो छापून देणाऱ्या दुकानात तेच झाकणवालं प्रेस असतं. पण तो मगासारखी सब्लिमेशनची शाई वापरणार असेल तर कापड पॉलिएस्टर लागेल, सुती कापडावर ती धुण्यात निघून जाते. सुती हवा असेल तर डीटीएफ सांगा. त्यात चित्र प्लास्टिकच्या फिल्मवर छापतात, पाठीला गोंदाची पूड भुरभुरवतात आणि गरम दाबतात. म्हणजे पुन्हा आयर्न-ऑनच, फक्त कागदाच्या जागी फिल्म.

प्रश्न हक्काचा आहे. अमेरिकेत १९७७ साली हक्काची खूण घालून प्रसिद्ध झालेलं चित्र ९५ वर्षं, म्हणजे २०७२ च्या अखेरपर्यंत राखीव आहे. खूण न घालता प्रसिद्ध झालेली तेव्हाची चित्रं बहुतेक मोकळी आहेत, पण त्यात कुणाचा चेहरा असेल तर एल्विसची गोष्ट आठवा. स्वतःसाठी एक छापलात तर कोणी दारात येणार नाही. गणेशोत्सवात स्टॉल लावणार असाल तर वकिलाला विचारा, मला नको.

एवढे कागद नुसते ठेवून काय करणार?

हा प्रश्न नवऱ्याचा आहे, पण वारंवार विचारला जातो म्हणून यादीत घेतला.

गंमत अशी की ज्या चित्रांवर लोकांनी जीव टाकला ती उरलीच नाहीत. घातली, धुतली, फाटली, पुसायला गेली. उरली ती न खपलेली. दुकान बंद झालं तेव्हा मागच्या कप्प्यात राहिलेली, कोणी नंबर न सांगितलेली. म्हणून माझ्या खोक्यांत मासेमारीचे विनोद बावीस आहेत आणि फॅरा एकही नाही. दोन प्रती असल्या की एक मी लावते, आणि मागितली तर देतेही. एकच असली की हात जात नाही.

आणि तो अंगठेवाला पुन्हा मिळाला का?

मिळाला. ओहायोतल्याच डेटन शहराजवळच्या एका रविवारच्या बाजारात, बेसबॉलच्या पत्त्यांच्या पेटीत तळाला. तेच चित्र, दोन्ही अंगठे शाबूत. एकच प्रत. कोपरा वाकवून पाहिला, शाई अजून लवचीक आहे.

दादा दर फोनला विचारतो, लावलास का. गेल्या उन्हाळ्यात आई इथे आली होती, तिला दाखवला. तिने चष्मा लावून दोन्ही अंगठे नीट पाहिले, कागद मला परत दिला आणि म्हणाली, “इस्त्री तू कर. मी नाही करणार.”

सातवा खोका, वरून तिसरा.